काट्याच्या पावतीवर सही करणारी डबी: प्रोसेसर कोणता घ्यावा?

काटेवाला_अमळनेर

रामराम मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी अमळनेरला काटे दुरुस्तीचं काम करतो. परवाना आधी वडिलांच्या नावावर होता, आता माझ्या. किराणा दुकानाच्या तराजूपासून ५० टनी वे-ब्रिजपर्यंत सगळं बघतो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, बोर्ड स्वतः काढतो, सोल्डरिंग स्वतः करतो, सी बऱ्यापैकी येतं. पण क्रिप्टो म्हटलं की मी अजून बालवाडीत.

गेल्या हंगामात एका जिनिंगवर (नाव घेत नाही, उद्या तिथंच जायचंय) एक शेतकरी पिकअपभर कापूस घेऊन आला. गावातून निघताना त्यानं तिथल्या काट्यावर वजन करून घेतलं होतं. त्या पावतीवर निव्वळ १,६२० किलो, जिनिंगच्या पावतीवर १,५४०. तो दोन्ही कागद हातात धरून मला विचारतो, "रस्तामा ८० किलो कापूस कोठे गया, भाऊ?" सात हजारांच्या भावानं ५,६०० रुपये झाले ते. मालक म्हणाला काटेवाल्यानं काटा बिघडवला. काटेवाला म्हणजे मी. मग २० किलोची ५० वजनं उतरवून, चारही कोपऱ्यांवर फिरवून रात्री नऊपर्यंत काटा तपासला. एका डिव्हिजनचाही फरक नाही. बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेवर आकडा बरोबर होता, वायरमधून पीसीपर्यंत बरोबर जात होता, आणि पीसीवरच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑपरेटरला आकडा "दुरुस्त" करायची सोय होती. एवढीच गंमत.

तेव्हापासून डोक्यात एक डबी आहे. इंडिकेटर (काट्याचा आकडा दाखवणारं यंत्र) आणि पीसीच्या मध्ये बसेल. इंडिकेटर ९६०० बॉडवर वजन ओकतच असतो, ते डबी वाचेल, त्याला वेळ, पावतीचा अनुक्रमांक आणि आधीच्या पावतीचा हॅश (मजकुराचा छोटा ठसा, एक अक्षर बदललं तरी वेगळा येणारा) जोडेल, आपल्या पोटातल्या खासगी कीनं (गुप्त आकड्यानं) सही करेल आणि क्यूआर छापेल. शेतकऱ्यानं मोबाईल धरला की आकडा खरा की हात लावलेला ते कळेल. टेंडर भरायला जो डीएससीचा (डिजिटल सहीचा) टोकन यूएसबीत खुपसतात, साधारण तसलंच काहीतरी, फक्त माणसाऐवजी काट्याची सही.

की डबीबाहेर पडता कामा नये. पडली तर सगळा खेळ खलास.

आता प्रोसेसर. दुकानात ब्लू पिल नावाचे छोटे बोर्ड पडले आहेत, त्यावर एसटी कंपनीची एसटीएम३२एफ१०३ चिप. ईएसपी३२ चिपही आहेत. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो मामा रिस्क-फाइव्ह जातीचा प्रोसेसर घे, ते उघडं असतं म्हणून सुरक्षित असतं. पुरवठादार म्हणतो वेगळी सिक्युअर एलिमेंट (फक्त की सांभाळणारी) चिप लाव आणि झोप. पहिल्या खेपेला ४० डब्या करायच्यात, एकीचा खर्च दोन हजारांच्या आत बसला पाहिजे. हातानं सोल्डर करता आली पाहिजे, म्हणजे पाय बाहेर असलेली चिप. आणि आपल्याकडचा मे महिना ध्यानात ठेवा, पत्र्याच्या केबिनमध्ये बसायचंय तिला.

कोणता घेऊ?

चोपड्याचा_फर्मवेअर

काटेवाले भाऊ, चिप नंतर. आधी एक सांगा, रात्री ही डबी कोणाच्या हातात असते?

खिशातली सिक्युरिटी की आणि तुमची डबी यात फरक इथं आहे. खिशातली की ज्याची आहे त्याला ती फुटू नये असंच वाटतं. चोर म्हणजे बाहेरचा माणूस, आणि त्याला ती फार तर तासभर मिळणार. तुमची डबी ज्याच्या केबिनमध्ये आहे, त्यालाच ती फोडायची आहे. त्याच्याकडे अख्खी रात्र आहे, हंगाम संपल्यावर आठ महिने आहेत. ओळखीचा मोबाईल रिपेअरवालाही आहे.

म्हणून एफ१०३ विसरा. त्याचं रीड-प्रोटेक्शन, म्हणजे आतला प्रोग्राम बाहेर वाचू न देणारं कुलूप, २०२० मध्ये दोन संशोधकांनी नुसत्या डिबग पोर्टमधून (चिप तपासायच्या दारातून) फोडलं. ना लेझर ना काही, एक्सेप्शन (कामात अचानक अडथळा) आल्यावर चिप व्हेक्टर टेबलचा (आता कुठे जायचं त्या यादीचा) पत्ता कुठून उचलते तेवढं बघून बहुतेक फ्लॅश (प्रोग्राम साठवलेली मेमरी) बाहेर काढली. ही चूक सिलिकॉनमध्ये आहे, अपडेटनं जात नाही. शिवाय बाजारातल्या ब्लू पिलवर बसलेली चिप खरीच एसटीची आहे याची तुम्ही तरी शपथ घ्याल का?

त्यात दुसरं दुखणं आहे आणि ते थेट प्रोसेसरच्या रचनेचं आहे. एफ१०३ मधला कोअर (हिशोब करणारा भाग) कॉर्टेक्स-एम३. त्यात दोन ३२ बिटी आकड्यांचा ६४ बिटी गुणाकार करणारी जी सूचना आहे, यूएमयूएलएल, ती आकडे बघून ३ ते ५ सायकल (घड्याळाचे ठोके) घेते. लहान आकडा असेल तर लवकर सुटते. हमाल हलकं पोतं पटकन फेकतो आणि जड पोत्याला कण्हतो, तसं. बाहेर उभं राहून नुसतं घड्याळ लावलं तरी पोत्यात काय आहे याचा अंदाज येतो. ईसीसी पद्धतीची डिजिटल सही म्हणजे असले हजारो गुणाकार, आणि त्यातला एक आकडा गुप्त. कॉर्टेक्स-एम४ मध्ये हीच सूचना कायम एका सायकलची. डेटाशीटच्या पहिल्या पानावर दोघांतला फरक वेग आणि डीएसपी एवढाच दिसतो, हे आत कुठेतरी तक्त्यात असतं.

ईएसपी३२ चं जुनं सिलिकॉन २०१९ मध्ये फुटलं. सप्लायला अगदी नेमक्या क्षणी झटका दिला आणि ई-फ्यूजमधल्या (एकदाच लिहिता येणाऱ्या जागेतल्या) की वाचून घेतल्या. पुढच्या रिव्हिजनमध्ये त्यावर उपाय केला, पण तुमच्या डब्यात कुठली रिव्हिजन पडली आहे ते बघा. एनआरएफ५२ या आणखी एका चिपचं डिबग कुलूप २०२० मध्ये असंच झटक्यानं उघडलं. त्याच वर्षी एसटीएम३२एफ२ वर चालणाऱ्या एका प्रसिद्ध क्रिप्टो वॉलेटमधून १५ मिनिटांत सीड (वॉलेटचं मूळ गुपित) काढून दाखवलं. साध्या मायक्रोकंट्रोलरचं रीड-प्रोटेक्शन हे शेताच्या काटेरी कुंपणासारखं आहे. जनावरं अडतात, माणूस नाही.

आणि एक गृहपाठ. डबीत सर्व्हिस पिन ठेवणार असाल ना, वेळ बदलायला वगैरे? तो नेहमीच्या मेमसीएमपीनं (सी मधल्या ताडून बघायच्या फंक्शननं) तपासा, तपासणीच्या आधी चिपच्या एका पायाचं व्होल्टेज वर करा, नंतर खाली, आणि ऑसिलोस्कोप लावून बघा. बघा आणि इथं सांगा.

गल्ला_ते_गोदाम

मी चिपवाला नाही, धुळ्याकडचा व्यापारी. दोन गोष्टी बोलतो आणि बाजूला होतो.

काट्याची लबाडी पीसीतच होते असं नाही. लोडसेलच्या (वजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) वायरी जिथं एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्समध्ये छोटी किट बसवतात आणि खिशातल्या रिमोटनं वजन कमी-जास्त करतात. तसं झालं तर इंडिकेटरलाच खोटं वजन मिळणार आणि तुमची डबी त्या खोट्यावर अगदी प्रामाणिकपणे सही करणार. मग तो कागद माझ्यासमोर नाचवतील, "बघा, सही आहे." आजच्या कच्च्या पावतीवर निदान संशय तरी घेता येतो.

दुसरं, इंडिकेटरपासून डबीपर्यंतची वायर. ती कापून लॅपटॉपवरून हवं ते वजन पाठवलं तर?

काटेवाला_अमळनेर

शेठ, तुमचं पहिलं बरोबर आहे आणि त्याला प्रोसेसरचा इलाज नाही. जंक्शन बॉक्सला सील लागतं, वजनमापेवाले दरवर्षी येतात, आणि मी स्वतः झाकण उघडून आत बोट फिरवतो. ते काम तसंच करावं लागणार. इंडिकेटरच्या आत डबी बसवावी हा विचार मीही केला होता, पण ते मंजूर मॉडेल आहे, त्यात हात घातला तर माझाच परवाना जाईल. म्हणून बाहेर.

वायरीचं म्हणाल तर ती लोखंडी नळीतून नेतो, दोन्ही टोकांना सील. तरीही कापता येईल, मान्य. पण डबीच्या अंगावरच मोठे आकडे ठेवतोय, सही करताना ज्याच्यावर सही होतेय तोच आकडा ती दाखवणार. बाहेरच्या डिस्प्लेवर १,६२० आणि डबीवर १,५४० दिसलं तर शेतकरी तिथंच आरडाओरड करेल. शेतकऱ्याचे डोळे हाही एक सेन्सरच आहे, आणि फुकट.

आता चोपडेकरांचा गृहपाठ. काल रात्री दुकान बंद करून बसलो. ब्लू पिल ७२ मेगाहर्ट्झवर, सहा आकडी पिन, तुलनेच्या अलीकडे-पलीकडे एक पाय वर-खाली. स्कोप जुना आहे, दोन चॅनलचा, पण चालतो. आधी सगळे आकडे चुकीचे टाकले: पल्स अगदी बारीक. पहिला आकडा बरोबर टाकला: पल्सची उजवी कड सरकली. थोडीच, साधारण दीडशे नॅनोसेकंद, पण सरकली. मग दुसरा आकडा ० पासून सुरू केला. ०, १, २, ३ पर्यंत कड जागची हलली नाही, ४ टाकल्यावर टुणकन पुढं. पिन माझीच होती, मला पाठ होती, तरी अंगावर काटा आला. मेमसीएमपी पहिला चुकीचा आकडा आला की तिथंच थांबतं, म्हणून दहा लाख पिन शोधायच्या ऐवजी एकेका घराला जास्तीत जास्त दहा, म्हणजे साठ प्रयत्नांत खेळ संपला. बायको विचारत होती एवढं काय बघताय त्या हिरव्या रेघेकडे. सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माणूस खोटं बोलताना अडखळतो तसं?" मला तरी याहून बरं सांगता आलं नसतं.

सहाही आकडे तपासून शेवटी एकदाच निकाल देणारं फंक्शन लिहिलं, कड आता ढिम्म हलत नाही. पण हे पिनचं झालं. सही करणारा कोड असा एकेक ओळ तपासायची माझी कुवत नाही. म्हणून पुन्हा विचारतो, सिक्युअर एलिमेंट लावून मोकळा होऊ का? एटीईसीसी६०८ ही तसलीच चिप बघितली. आठ पायांची, एसओआयसीमध्ये मिळते, डोळे मिटून सोल्डर होईल. की आतच तयार होते आणि बाहेर येतच नाही म्हणतात.

भुसावळची_व्हेरिफिकेशनवाली

दादा, मी बेंगळुरूला चिप व्हेरिफिकेशनमध्ये आहे. दिवसभर लोकांच्या कोअरमधल्या चुका शोधते, म्हणून थोडं लांबवते.

एटीईसीसी६०८ चांगली आहे, पण तिचं काम नीट समजून घ्या. ती की सांभाळते. कशावर सही करायची हे तिला कळत नाही. आयटूसीच्या दोन वायरींवरून तुमचा मायक्रोकंट्रोलर तिला ३२ बाइटचा हॅश देतो, ती सही करून परत देते. रात्री त्या दोन वायरींना कोणी आपल्या वायरी डकवल्या तर तीच चिप त्यालाही तितक्याच आनंदानं सही देईल. की चोरायची गरजच काय? सहीचा शिक्का तिजोरीत आणि तिजोरीला खिडकी, असा प्रकार. त्यावर उपाय आहे: सही मागण्याआधी एक सामायिक गुपित सिद्ध करायला लावता येतं. पण ते गुपित ठेवणार कुठे? मायक्रोकंट्रोलरच्या फ्लॅशमध्ये. म्हणजे फिरून तुम्ही त्याच प्रश्नावर आलात.

तिच्यातली एक गोष्ट मला आवडते, ती म्हणजे फक्त पुढेच जाणारा काउंटर. २०,९७,१५१ पर्यंत मोजतो. दिवसाला ५०० पावत्या धरल्या आणि वर्षभर रोज काटा चालला तरी साडेअकरा वर्षं पुरेल. पावती मधूनच गायब करता येणार नाही.

आता भाच्याचं रिस्क-फाइव्ह. त्याला सांगा, उघडं आहे ते इन्स्ट्रक्शन सेट. म्हणजे भाषेचं व्याकरण सगळ्यांसाठी मोकळं. त्या व्याकरणात कोणी काय लिहिलंय हे उघडं असेलच असं नाही. दहा सेंटच्या आसपास मिळणारी सीएच३२व्ही००३ ही रिस्क-फाइव्हच आहे, पण तिचा कोअर बंद आणि रॅम २ केबी. तिच्यात तुमची डबी होणार नाही.

खरोखर उघडं बघायचं असेल तर ओपनटायटन बघा. २०१९ मध्ये जाहीर झालेला प्रकल्प, आत आयबेक्स नावाचा छोटा रिस्क-फाइव्ह कोअर. त्यातली एक युक्ती मला फार आवडते: एकाऐवजी दोन आयबेक्स ठेवतात, दोघेही तेच काम करतात, दुसरा थोडा मागून, आणि दोघांचं उत्तर सतत ताडून बघतात. झटका देऊन एकाला चुकवलं तरी दुसरा त्याच क्षणी चुकत नाही, आणि फरक दिसला की चिप ओरडते. तुमच्या पावतीची दुबार बेरीज करणारा मुनीम समजा. दुसरं टोक म्हणजे स्वीडनचा टीकी टोकन. त्यात तयार प्रोसेसरच नाही. लॅटिसचा आइस४० यूपी५के हा छोटा एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप), त्यावर पिकोआरव्ही३२ कोअर, १२८ केबी रॅम. प्रोग्राम दर वेळी यूएसबीतून आत जातो आणि टोकनचं जन्मजात गुपित अधिक त्या प्रोग्रामचा हॅश यातून की तयार होते. प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललं तरी की वेगळी. विचार म्हणून सुरेख, पण पीसीवरून प्रोग्राम चढवायची पद्धत तुम्हाला चालणार नाही, कारण तुमचा पीसीच तर संशयित आहे.

देशी म्हणाल तर सी-डॅकचा वेगा आहे. एरीज बोर्डवरची तेजस३२: १०० मेगाहर्ट्झ, २५६ केबी रॅम. आयआयटी मद्रासचा शक्ती आहे. शिकायला दोन्ही घ्या, भाच्याला तर नक्कीच घेऊन द्या. पण तेजस३२ प्रोग्राम बाहेरच्या फ्लॅशमधून उचलते. तुमच्या केबिनमध्ये रात्री कोणी ती फ्लॅश बदलली तर? मला डबीसाठी ते पटत नाही, मन कितीही देशी असलं तरी.

एक गोष्ट मात्र या सगळ्या छोट्या कोअरच्या बाजूनं आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष बाहेर आले तेव्हा मोठे प्रोसेसर का अडकले? पुढचं काम आधीच अंदाजानं करून ठेवायची त्यांना सवय, आणि त्या अंदाजाचे ठसे कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) उरतात. सूचना एकामागून एक सरळ रांगेत चालवणाऱ्या, अंदाज न बांधणाऱ्या कोअरला तो रोग होत नाही. सुरक्षेच्या डबीत मंद आणि सरळमार्गी असणं हा गुण आहे. "लिनक्स चालेल असा घेऊ, पुढे कामाला येईल" हा मोह टाळा.

आणि चिपच्या सुरक्षेच्या सर्टिफिकेटवर डोळे मिटून विश्वास नको. २०१७ मध्ये एका मोठ्या कंपनीच्या सिक्युअर चिपच्या आरएसए लायब्ररीत खोट निघाली, एस्टोनियाची साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रं अडकली. २०२४ मध्ये त्याच कंपनीच्या ईसीडीएसए (सही करायच्या) कोडमध्ये दुसरी, युक्लीक नावाची. एका मॉड्युलर व्यस्ताला (सहीतल्या एका भागाकारासारख्या हिशोबाला) लागणारा वेळ आकड्यानुसार बदलत होता, बस. १४ वर्षं आणि वरच्या दर्जाच्या ८० च्या आसपास तपासण्यांतून ती तशीच निसटली होती. तुमच्या स्कोपवर सरकलेली ती कड आणि ही खोट एकाच कुळातली, दादा.

माझं मत: एसटीएम३२यू५८५. कॉर्टेक्स-एम३३, ट्रस्टझोन (गुप्त कामाची वेगळी कोठी), आत २ एमबीची फ्लॅश, साइड-चॅनलचा (वेळ किंवा वीज बघून होणाऱ्या चोरीचा) विचार करून केलेले एईएस आणि पब्लिक-की ब्लॉक. एलक्यूएफपी-४८ मध्ये मिळते, पाय बाहेर. आणि मुख्य म्हणजे टॅम्पर पाय. झाकणाला स्विच लावा, झाकण उघडलं की बॅकअप रजिस्टर आपोआप पुसली जातात. ३२ रजिस्टर, प्रत्येकी ३२ बिट. तुमची की त्यात आठांत बसते. बटन सेलवर जगतात.

चोपड्याचा_फर्मवेअर

ताईंशी बाकी सगळं पटतं, शेवटच्यावर थोडा वाद घालतो.

मी रास्पबेरी पायचा आरपी२३५० सुचवला असता. कारण सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये चिप आली त्याच महिन्यात बनवणाऱ्यांनी स्वतःच बक्षीस लावलं, आतल्या ओटीपीत (एकदाच लिहिता येणाऱ्या मेमरीत) गुपित ठेवलंय, काढून दाखवा. जानेवारी २०२५ मध्ये चार जणांना बक्षीस दिलं. त्यातल्या एकानं तर ओटीपीच्या सप्लायच्या पायाला झटका देऊन, कायमचे बंद केलेले रिस्क-फाइव्ह कोअरच जागे केले आणि डिबगसकट आत शिरला. (त्या चिपमध्ये दोन एम३३ आणि दोन रिस्क-फाइव्हचे हॅझार्ड३ असे दोन्ही जातीचे कोअर आहेत. जादा दार ठेवलं की ते कोणीतरी ढकलून बघणारच.) पुढच्या स्टेपिंगमध्ये (चिपच्या सुधारित आवृत्तीत) दुरुस्त्या केल्या. ज्या चिपची हाडं अशी चारचौघांत मोडून पुन्हा सांधली आहेत ती मला, "आमच्यात काही खोट नाही, कागद दाखवायचे तर आधी करारावर सही करा" म्हणणाऱ्यांपेक्षा जवळची वाटते.

भुसावळची_व्हेरिफिकेशनवाली

तुमचा मुद्दा मोलाचा आहे, पण ती क्यूएफएन आहे, पाय पोटाखाली. दादांनी पाय बाहेर मागितलेत. आणि साध्या प्रकारात फ्लॅश चिपच्या बाहेर. सही तपासून बूट होईल, पण बोर्डवर आणखी एक जागा वाढली जिथं लोक सुई टोचतील. बक्षिसाबद्दल मात्र सलाम.

काटेवाला_अमळनेर

दोघांचेही उपकार. एक महिना गप्प होतो, कारण हात चालू होते.

यू५८५ घेतली. पाच नग मागवले. एलक्यूएफपी-४८ हातानं बसवायला भिंग लागलं, दोन पायांत एकदा सोल्डरचा पूल झाला, सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं ओढून घेतला. प्रत्येक डबीची की तिच्याच पोटात तयार होते, मी स्वतःही बघत नाही. सगळ्या डब्यांना एकच की द्यायचा मोह झाला होता, मोबाईल ॲप सोपं होतं. पण मग एक डबी फुटली की चाळीसच्या चाळीस काटे खोटे ठरले असते. आता एक फुटली तर एकच काटा बदनाम होईल, आणि त्या मालकाला फोडून मिळणार काय तर स्वतःच्याच काट्याची बदनामी. रात्रभराची मेहनत त्याला परवडू नये एवढंच मी बघतो, प्रयोगशाळेतल्या लेझरशी माझं भांडण नाही.

टॅम्पर स्विचनं मात्र पहिल्या आठवड्यात रडवलं. ओळखीच्या जिनिंगवर एक डबी नुसती ट्रायलला ठेवली होती. तिसऱ्या दिवशी फोन: "काटेवाले, तुमची डबी मेली." गेलो तर की पुसलेली. झाकण कोणी उघडलेलं नव्हतं, सील शाबूत. मालक शपथा घेतोय, मी त्याच्याकडे संशयानं बघतोय. दोन तास तिथंच बसलो तेव्हा उमगलं. भरलेला दहाचाकी ट्रक प्लॅटफॉर्मवर चढून ब्रेक मारतो तेव्हा अख्खी केबिन हादरते आणि तो पत्तीचा स्विच क्षणभर सुटतो. चिप बिचारी प्रामाणिक, सुटला म्हणजे उघडलं. आता दोन स्विच एकमेकांच्या काटकोनात बसवलेत, टॅम्परच्या पायावर फिल्टर लावलाय, दोन्ही सुटले आणि सुटलेलेच राहिले तरच पुसायचं. तेवढ्या वेळात कोणी आत शिरेल हा धोका मान्य केला. मालकाला चहा पाजून आलो.

बटन सेलची काळजी आहे. परवा दुपारी तीन वाजता त्या पत्र्याच्या केबिनमध्ये डबीच्या आतलं तापमान ५८ दाखवलं. चिपला ८५ पर्यंत चालतं, तिचं काही नाही. सेल त्या उन्हात किती वर्षं टिकतो ते बघायचं, आणि सेल गेला की की गेली. म्हणून तूर्त दर वर्षी काटा तपासणीला जाईन तेव्हा सेल बदलायचा, वीज चालू ठेवून. अनुक्रमांकाचा काउंटर ठेवायला एटीईसीसी६०८ पण बोर्डवर घेतली आहे, सहीसाठी नाही, फक्त मोजायला. ताई, तुमचा साडेअकरा वर्षांचा हिशोब मालकाला ऐकवला तर म्हणतो, तोवर कापूस लावणारं कोणी राहील का ते बघा.

आणि तो ८० किलोवाला शेतकरी बाजारात भेटला होता. त्याला डबी दाखवली, मोबाईलवर क्यूआर धरून हिरवी खूण दाखवली. मग त्याच्या समोर पावतीवरचा आकडा पेनानं खोडून नवा लिहिला आणि पुन्हा स्कॅन केलं. मोबाईलवर जुनाच आकडा आला. त्यानं डबी हातात घेऊन उलटसुलट केली. "हाई डबी खरं बोलस का?" म्हटलं काटा खरं बोलला तर बोलेल. त्यानं मान हलवली, पटलं की नाही कळलं नाही.

तर आता उरलेल्या ३५ चिप पुढच्या आठवड्यात येतील. जळगावात किंवा धुळ्यात कोणाकडे एलक्यूएफपी-४८ चा प्रोग्रामिंग सॉकेट पडून असेल तर सांगा. एकेक बोर्डवर बसवल्यावर प्रोग्राम करत बसलो तर कापसाची पहिली वेचणी येऊन जाईल.

गल्ला_ते_गोदाम

सॉकेटचं माहीत नाही. पण दोन डब्या माझ्या नावावर लिहून ठेवा. एक माझ्या काट्याला, आणि एक ज्याच्याकडून मी माल घेतो त्याच्या.

भुसावळची_व्हेरिफिकेशनवाली

सॉकेट माझ्याकडे आहे, भुसावळला घरी माळ्यावर, निळ्या डब्यात. आईला फोन करून ठेवते, रविवारी जाऊन घ्या. जेवल्याशिवाय ती सोडणार नाही, वेळ काढून जा.